परिषदेतलं गाऱ्हाणं

आमच्या नवऱ्याला बोलता येत नाही. मुका नाही हो, डिचोलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. पण आवाज असा की पहिल्या बाकावरच्याला ऐकू जातं, दुसऱ्या बाकावरचा पहिल्याला विचारतो आणि शेवटच्या बाकावर नुसतं वारं पोचतं. आमच्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ह्यांनी माझ्या कानाकडे वाकून माझं नाव मलाच सांगितलं. माझी चुलतबहीण सुलोचना मोरजीहून आली होती. ती मांडव डोक्यावर घेत ओरडली, "तिका कित्याक सांगतंस रे? तिका आपला नाव ठाऊक आसा. आमका सांग!" सगळी बायकामंडळी हसली. हे लाजले ते लाजलेच. दुसऱ्यांदा काही नाव घेतलं नाही.

ह्यांचं नाव सगुण. पेडण्याजवळच्या आमच्या पार्श्यात सगळे 'सगुण सर' म्हणतात, मीही चिडले की 'सर' म्हणते, त्यामुळे घरात बहुतेक वेळा 'सर'च चालतं. तर हे सर नावाचे सर. नोकरी कायम नाही. दर जूनला नवी ऑर्डर, दर मार्चला घरी. कॉलेजच्या दारात रंगवलेला एक बोर्ड आहे, त्यावर प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची नावं आहेत. कँटीनवाल्याचंसुद्धा खाली बारीक अक्षरात आहे. ह्यांचं नाही. मी एकदा कॉलेजच्या गॅदरिंगला गेले आणि तो बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचून आले, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

बरं, माणूस आळशी असता तर मीच चार शब्द सुनावले असते. पण डिचोलीपलीकडच्या पाळी गावात ह्यांची मावशी दिलेली. लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा पावसात डोंगराची माती वाहून तिच्या शेतात आली, गुडघाभर लाल चिखल. मावशीनं शेताकडे बघणं सोडलं. ह्यांनी मात्र धरलं. दर रविवारी पेडण्याची बस, मग म्हापसा, मग डिचोली, मग पाळी. शेताच्या कुठल्या तुकड्यात, म्हणजे कुणग्यात, माती किती बसली, कुठून वाहून गेली, कुठलं गावठी भात त्यातून परत उभं राहिलं, हे सगळं बघून येताना मातीचे नमुने आणायचे. कशात? माझ्या लोणच्याच्या बरण्यांत! घरात लोणच्याच्या कैऱ्या आलेल्या आणि बरण्यांत पाळीची माती. "अहो, ह्या मातीला मोहरी लावू काय?" मी विचारायची. हे म्हणायचे, "अगो, बरणी हलवू नको, थर मोडतील." खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहून गंजले, तरी ह्यांचे रविवार चालूच राहिले. एवढं करून ह्यांनी त्याचा निबंध लिहिला आणि एका चांगल्या मासिकाला पाठवला. त्यांचं म्हणणं, परीक्षण चालू आहे. ते चालूच होतं.

अशात कायम जागेची जाहिरात निघाली. एकच जागा. आणि ह्यांच्या वयाला हीच शेवटची, पुढच्या जाहिरातीला अर्जसुद्धा घेतला नसता. नुसतं शिकवून भागत नाही म्हणे, पॉइंट लागतात. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की पॉइंट. ह्यांच्या कॉलेजात वैशाली मॅडम होत्या, त्याही ह्याच जागेच्या उमेदवार. बाई मनानं चांगली, पण परिषदा अशा करायची जशा आपण श्रावणात बांगड्या भरतो. तिनंच सांगितलं, "सर, कसली काळजी करता? पणजीत जागतिक महापरिषद आहे. फी भरा, कोट घाला, सर्टिफिकेट घ्या. कुटुंबाला आणलं तर बोटीची सफर फुकट."

ह्यांनी निबंधाचा सारांश पाठवला. मी परसात बांगडे साफ करायला बसले होते. बांगडे धुऊन आत येते तर स्वीकारल्याचं पत्र हजर! मी म्हटलं, हे काय? आमच्या देवळात कौल लावतात तेव्हा ओली पाकळी देवाच्या अंगाला चिकटवतात, ती उजवीकडे पडली तर होकार, डावीकडे पडली तर नकार. ती पडायला अर्धा अर्धा तास लागतो. सगळे भाविक घामाघूम होतात. देवसुद्धा विचार करतो हो! आणि हे जागतिक तज्ज्ञ बांगड्याच्या आधी हो म्हणून मोकळे? हे म्हणाले, "त्यांच्याकडे यंत्रणा असेल." त्या वर्षीच्या काजूच्या पिकाचे पैसे त्या यंत्रणेत गेले.

त्याच दिवसांत बाबलीकाकांचा घसा बसला. बाबलीकाका म्हणजे ह्यांचे थोरले चुलते. आमच्या वाड्यावरच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावातर्फे देवाकडे मागणं, घालायचा मान ह्यांच्या घराकडे. काकांनी देवापुढे उभं राहून "बा देवा म्हाराजा" म्हटलं की समोरच्या डोंगराला ऐकू जायचं, आणि प्रत्येक ओळीला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा. डॉक्टरांनी आता बोलायचंच नाही म्हणून सांगितलं. काकांना मुलगा नाही. मान कुणाकडे आला? आमच्या सरांकडे! गावात हसण्याचीच लाट आली. एक म्हातारा म्हणाला, "देवाक कानात सांगतलो काय?"

हे रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन काकांच्या ओसरीवर बसायचे. काका फुटक्या आवाजात एकेक ओळ सांगायचे, हे टाइप करायचे. आधी सगळ्या देवांची नावं, मग गावाचं मागणं, शेताभाताचं, गायवासरांचं, दर्यावर आणि परदेशी गेलेल्यांचं. मग घालणाऱ्याच्या घरचं मागणं, ते ज्यानं त्यानं आपलं लिहायचं. ह्यांनी काय लिहिलं ते मी मागून वाचलं: 'ह्या तुज्या लेकराची नोकरी कायम होऊ दे, केळ्यांचो घड तुज्या पायांकडे ठेवीन म्हाराजा.' काकांनी शेवटी एक ताकीद दिली. "एक ध्यानात ठेव सगुणा. एकदा समोरसून 'व्हय म्हाराजा' पडला की गाऱ्हाणा अर्ध्यार सोडूचा नाय. जीव गेलो तरी पुरा करूचा."

आता ऐका ह्यांचा पराक्रम. लॅपटॉपवर दोन फायली. पाळीच्या निबंधाचं नाव 'सगुण फायनल'. गाऱ्हाण्याचं नाव 'सगुण फायनल नवीन'. परिषदेनं पूर्ण निबंध मागितला तेव्हा ह्यांना वाटलं नवीन ते ताजं, आणि दिलं पाठवून. चार दिवसांत उत्तर आलं. ह्यांनी ते मला स्वयंपाकघरात येऊन वाचून दाखवलं, डोळे नुसते चमकत होते. पहिल्या परीक्षकानं लिहिलं होतं, संशोधनाची पद्धत भक्कम आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, संदर्भांची यादी परिपूर्ण आहे. बरोबरच आहे, एकही देव सुटला नव्हता! पण तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक? मी त्या आनंदात पाववाल्या पोदेराकडून उंडे जास्तीचे घेतले आणि भाज्यांचं खतखतं केलं.

दिवाळीच्या सुटीत परिषद. मी जरीची साडी नेसले, ह्यांनी लग्नातला कोट काढला, आणि आम्ही पहिल्या बसनं पणजीला गेलो. मांडवीच्या काठचं मोठं हॉटेल. दारावर घरावर घालायच्या पत्र्याएवढा फ्लेक्स: 'विज्ञान, वाणिज्य, साहित्य, दंतवैद्यक, योग आणि इतर सर्व विषयांची जागतिक महापरिषद'. मी ह्यांना विचारलं, "इतर सर्वमध्ये काय उरलं?" कोल्हापूर-बेळगावकडच्या प्राध्यापकांच्या बसेस उतरत होत्या. नवऱ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, बायकांच्या डोक्यावर गवती टोप्या, पोरांच्या हातात वाळूत खेळायच्या बादल्या. निबंध वाचायचा आणि वाळूत किल्ले बांधायचे, असा एकंदर बेत होता.

परिषदेचा डायरेक्टर डॉ. किरणकुमार. पांढरा कोट, पांढरे बूट, आणि दोन्ही हातांनी तुमचा हात असा धरायचा की बांगडी काढून घेतो की काय असं वाटावं. त्यानं मंचावरून जाहीर केलं, "आता आपल्या आंतरराष्ट्रीय प्रमुख पाहुण्या, मॉस्कोच्या थोर विदुषी!" टाळ्या पडल्या. विदुषी उठली आणि मी खुर्चीतच उडाले. "अहो, ही आपल्या सुलोचनाची भाडेकरीण!" खरंच ती लेना नावाची रशियन बाई होती, मोरजीला सुलोचनाच्या मागच्या खोलीत राहायची, समुद्रावर योग शिकवायची आणि सुलोचनाकडून सोलकढी शिकून गेलेली. तिनं मला ओळखलं, मंचावरून हात हलवला आणि "विनोदिनी, सोल-कडी!" म्हणून ओरडली. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकानं ते वहीत लिहून घेतलं.

मग प्रत्येकाला एक जाड पुस्तक दिलं, परिषदेचे सगळे निबंध छापलेलं. ह्यांनी आपलं पान शोधलं. मी शेजारी बसून ह्यांचं तोंड बघत होते. आधी लाल झालं, मग पांढरं झालं. मी पुस्तक ओढून घेतलं. वर इंग्रजीत सारांशातलंच ठळक शीर्षक, 'पाळी गावातील खाणग्रस्त शेतजमिनीचे पुनरुज्जीवन'. खाली ह्यांचं नाव. आणि त्याखाली: 'बा देवा म्हाराजा…'

"अरे देवा," मी म्हटलं.

"तेच लिहिलंय," हे म्हणाले. अशा वेळी विनोद सुचला ह्यांना! की खरंच सांगत होते, देव जाणे.

मी म्हटलं, चला उठा, घरी जाऊ. आत्ताच्या आत्ता. हे म्हणाले, "निबंध वाचल्याशिवाय सर्टिफिकेट देत नाहीत. मी उभा राहून सांगतो चूक झाली म्हणून." बरं म्हटलं. निबंध वाचायला सुरुवात झाली. सुरुवातीच्यांना दहा मिनिटं मिळाली. मग अध्यक्षांना जेवणाचा वास आला आणि पाच झाली. मग दोन. एका दंतवैद्याला नुसतं शीर्षक वाचू दिलं. एका कवयित्री मॅडमना तेही नाही, हात वर करा म्हणाले, टाळ्या वाजवल्या, झालं. पुकारा झाला, "प्राध्यापक सगुण!"

हे गेले. मागच्या पडद्यावर पुस्तकातलं पान लागलं, मोठ्या अक्षरात. हे माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझी एक चूक झाली आहे, हा निबंध नाही." ते फक्त मी ऐकलं, तेही ओठ हलताना बघून. अध्यक्ष म्हणाले, "मोठ्यानं! मोठ्यानं!" ह्यांनी परत सांगितलं. आवाज तेवढाच. अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं, "वाचा हो, पडद्यावरचं वाचा." हे पडद्याकडे वळले. घाबरलेला माणूस डोळ्यांसमोर दिसेल ते वाचतो, तसे वाचून गेले, "बा देवा म्हाराजा…"

आणि मागच्या दारातून, चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला एक वेटर सहज म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

पेडण्याचा पोर. त्याच्या तोंडून निघून गेलं, जसं देवळात निघतं. सगळे वळून बघायला लागले, त्यानं जीभ चावली. पण मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचे खांदे सरळ झाले. काकांची ताकीद आठवली असणार. 'व्हय म्हाराजा' पडलं होतं. आता माघार नाही. ह्यांनी माइक बाजूला केला, हात जोडले, आणि आवाज काढला. बाई गं! इतकी वर्षं संसार केला, हा आवाज ह्या माणसात कुठल्या कपाटात होता ते मला ठाऊक नव्हतं.

"आज तुजी लेकरां एका जागेर जमली हत, म्हाराजा!"

आता तीन-चार वेटर दारात होते. "व्हय म्हाराजा!"

"शेताभाताक, गायवासराक, रोजगाराक तुजो हात आसूं दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी कोल्हापूरकर प्राध्यापकही सामील झाले. त्यांना वाटलं ही काहीतरी नवी शिकवण्याची पद्धत असणार. लेना मांडी घालून डोळे मिटून बसली.

"जो कोण खोट्याचा खरा करता, लेकरांच्या पोटार पाय देता, त्येचा सोंग उगडा पाड म्हाराजा!"

सगळा हॉल गरजला, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज डॉ. किरणकुमारचा. दोन्ही हात वर करून म्हणाला, मेला! मला हसू यावं की रडू तेच कळेना, आणि 'ह्या तुज्या लेकराची नोकरी कायम होऊ दे' ही ओळ आली तेव्हा रडूच आलं. त्या हॉलमधले निम्मे तरी नोकरी कायम होण्याचीच वाट बघणारे असणार. त्यांनी असा काही होकार दिला की जनेलांच्या काचा हलल्या.

ह्यांना सर्वोत्कृष्ट निबंधाचं बक्षीस मिळालं. चंदेरी प्लास्टिकचा मोर.

परतीच्या बसमध्ये मोर माझ्या मांडीवर आणि सर्टिफिकेट ह्यांच्या. म्हापसा गेलं तेव्हा म्हणाले, "विनोदिनी, हे सर्टिफिकेट मी अर्जाला लावणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "का? वैशाली मॅडम लावणार, सगळे लावणार. तुम्ही एकटेच धर्मराज? शेवटची संधी आहे. बोर्डावर कँटीनवाला आहे अहो, कँटीनवाला!" बसमधले लोक बघायला लागले तरी मी थांबले नाही. जे जे इतकी वर्षं पोटात होतं ते सगळं बाहेर काढलं, बरण्यांसकट.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी देवाला काय सांगितलं? खोट्याचं सोंग उघडं पाड. मग ते लावलं तर पहिलं सोंग माझंच की."

ते मला पटलं. पण मनातली भीती गेली नाही. पॉइंटशिवाय कोण नेमणार? कोलवाळच्या पुलापर्यंत बस आली आणि माझ्या मनात एकच, की झालं, संपलं. त्या दिवसापासून मुलाखत होईपर्यंत मी घरात धड बोलले नाही. ह्यांनी निबंध परत स्वच्छ टाइप केला आणि दोन्ही फायलींची नावं बदलली. उशिरा सुचलेलं शहाणपण.

मुलाखतीला मी बरोबर गेले. घरी बसून जीव गेला असता. कॉलेजच्या व्हरांड्यात बाक होता, मुलाखतीच्या खोलीच्या जनेलाखालीच. उमेदवार जाड जाड फायली घेऊन बसलेले. ह्यांच्या हातात एक पातळ फोल्डर. ह्यांचा नंबर शेवटचा. प्रत्येक जण आत जायचा आणि थोड्याच वेळात कान लाल करून बाहेर यायचा. वैशाली मॅडम बाहेर आल्या आणि माझ्याजवळ टेकल्या. "वहिनी, बाहेरच्या विद्यापीठातून एक बाई आल्या आहेत. त्यांच्यासमोर ते महापरिषदेचं पुस्तक आहे. त्या पुस्तकात सल्लागार म्हणून त्यांचं नाव छापलंय, त्यांना न विचारता! प्रत्येकाला एकच विचारतात, तुमच्या निबंधाच्या आधीच्या पानावर काय आहे? मला काय ठाऊक? मी कुठं वाचलंय?"

वैशाली मॅडमच्या आधीच्या पानावर आमचंच गाऱ्हाणं होतं, ते मला ठाऊक होतं. सर्टिफिकेट लावलं नाही म्हणून काय झालं, पुस्तकात नाव छापलेलं होतंच! आता बाई ह्यांना हसणार, मग हे परत कधी तोंड उघडणार नाहीत. मी पदर तोंडात धरून बसले.

हे आत गेले. बाईंचा आवाज आला, "तुमच्या अर्जात ही परिषद नाही. पुस्तकात मात्र नाव आहे. का लावली नाही?"

मग जनेलातून ह्यांचा आवाज आला, स्वच्छ, मला बाकावर बसून कळेल असा. "कारण तो निबंध नाही, मॅडम. आमच्या देवळातलं गाऱ्हाणं आहे. चुकून पाठवलं. कुणी वाचलं नाही, छापलं. पद्धत भक्कम आहे म्हणून कळवलं."

आत कुणीतरी खो-खो हसलं. पण बाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे सगळं पुस्तक मी तपासलं. इकडून तिकडून उचललेलं नाही असं ह्यात एवढंच सापडलं. आणि खरा निबंध? तो कुठे छापलात?"

"कुठेच नाही. हा माझ्याकडेच आहे."

"नशीब तुमचं," बाई म्हणाल्या. "ह्या पुस्तकात गेला असता तर परत कुठलंही चांगलं मासिक त्याला शिवलं नसतं. आणा इकडे."

मग त्यांनी विचारलं आणि ह्यांनी सांगितलं. पाळीचा लाल चिखल, कुणगे, थर, गावठी भात. ह्यांना थांबवावं लागलं हो! मी ऐकत होते, आणि पहिल्यांदा मला कळलं की माझ्या बरण्यांत इतकी वर्षं काय ठेवलेलं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान राहिलं नाही. वैशाली मॅडमनी आपला रुमाल दिला. म्हटलं ना, बाई मनानं चांगली.

कायम नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी मी देव्हाऱ्यासमोर बसले आणि काहीही न मागता उठले. असं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. परिषदेच्या पुस्तकावर बंदी आली. डॉ. किरणकुमारचं जागतिक कार्यालय शोधायला गेलेल्यांना तिथे इस्त्रीचं दुकान सापडलं म्हणे. सोंग उघडं पडलं. त्यानंही 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं, ते असं फळाला आलं. त्या मासिकानंही निबंध घेतला, आधी चार शंका विचारून. मोर मी परसात मिरच्यांच्या वाफ्यात रोवला आहे, कावळे येत नाहीत.

आता एकच प्रश्न राहिला, केळ्यांच्या घडाचा. घड बोलला होता, पण गाऱ्हाणं घातलं होतं हॉटेलात. ना देव, ना देऊळ. तो नवस लागू होतो काय? हे बाबलीकाकांकडे विचारायला गेले, मीही गेले. काकांनी सगळं ऐकलं आणि फुटक्या आवाजात विचारलं, "व्हय म्हाराजा कोणी म्हटला?"

"वेटरनी पहिल्यांदा."

"खंयचो?"

"पेडण्याचो."

"मगे?" काका म्हणाले. "गाव थंय हजर होतो. घड घेवन ये."

माघातल्या जत्रेला देऊळ तुडुंब भरलं होतं. पाळीची मावशी आली होती, सुलोचना मोरजीहून लेनाला घेऊन आली होती. गावातले चेष्टेखोर मुद्दाम मागे जाऊन उभे राहिले, कान देऊन, ऐकू येत नाही म्हणायला. घड आमच्याच कुळागराच्या बागेतला, मीच उचलून आणला. ह्यांनी तो देवापुढे ठेवला आणि हात जोडले.

काय सांगू तुम्हाला! मागचे चेष्टेखोर पहिल्याच ओळीला दचकले आणि "व्हय म्हाराजा" म्हणून गेले. काका खांबाला टेकून बसले होते, आवाज नव्हता म्हणून नुसते ओठ हलवत होते. गावाचं मागणं झालं. घरच्या मागण्याची ओळ आली.

"जा मागितला ता तू दिलंस म्हाराजा! आता ह्या लेकराचा मागणा नाय. जिणें माज्या मातयेक आपल्यो बरण्यो दिल्यो, ती माजी विनोदिनी, तिका सुखी ठेव म्हाराजा!"

माझं नाव. सगळ्या गावासमोर, देवासमोर, खणखणीत. माझे कान तापले, पदर कुठं घेऊ कळेना. गाव "व्हय म्हाराजा" म्हणायच्या आत बायकांतून सुलोचना ओरडली, "आयकाक इला रे, सगुणा! आता आमका पण आयकाक इला!"